आयओ-यूरिंग : वाट पाहण्याचे काम कर्नेलने अंगावर घ्यावे का?

लिनक्स कर्नेलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ५.१ या आवृत्तीत, मे २०१९ मध्ये, येन्स ॲक्सबो यांनी लिहिलेली आयओ-यूरिंग ही सोय, म्हणजे वाचन-लेखनाची (आयओची) कामे कर्नेलवर सोपवून ती पूर्ण झाल्याचे नंतर कळवून घेण्याची पद्धत, दाखल झाली. तेव्हापासून ‘सर्व्हरची क्षमता वाढवायची असेल तर हिच्याकडे वळा’ असा सल्ला सर्रास दिला जातो आणि ‘ईपोल (अनेक जोडण्यांवर एकाच वेळी नजर ठेवणारी लिनक्सची जुनी सोय) असताना हिची गरजच काय’ असेही तितक्याच सर्रास विचारले जाते. गेल्या काही महिन्यांत मी ही सोय दोन ठिकाणी वापरली. त्यांपैकी एक फायली पुरवणारा सर्व्हर आहे आणि दुसरे पोस्टग्रेसच्या डेटाबेसचे यंत्र. त्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की वरील दोन्ही विधाने एकाच चुकीच्या मोजमापावर उभी आहेत. जोडण्या किती आहेत हे मोजून या सोयीची गरज ठरत नाही. सर्व्हर कशाची वाट पाहत थांबतो, यावरून ती ठरते.

हे मोजमाप रूढ कसे झाले, ते समजण्यासारखे आहे. १९९९ साली डॅन केगेल यांनी ‘सी-टेन-के’ या नावाने जो प्रश्न मांडला तो जोडण्यांचाच होता : एका यंत्राने एकाच वेळी १०,००० ग्राहक कसे सांभाळावेत? त्या काळच्या ३२-बिट यंत्रात एका प्रक्रियेला फार तर ४ जीबी इतकेच पत्ते मिळत, आणि प्रत्येक जोडणीला एक थ्रेड (कार्यक्रमातला स्वतंत्रपणे चालणारा धागा) देऊन त्याच्या स्टॅकसाठी २ एमबी जरी राखून ठेवले तरी १०,००० थ्रेडसाठी २० जीबी लागले असते. म्हणून एकाच थ्रेडने अनेक सॉकेटवर (जोडण्यांच्या कार्यक्रमातल्या टोकांवर) नजर ठेवण्याला पर्याय नव्हता. त्यासाठी १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीपासून चालत आलेला ‘सिलेक्ट’ होता, पण तो सहसा १,०२४ डिस्क्रिप्टरपुढे (उघडलेल्या सॉकेटच्या किंवा फायलीच्या क्रमांकांपुढे) जात नसे आणि प्रत्येक वेळी सगळी यादी कर्नेलला नव्याने द्यावी लागे. फ्रीबीएसडीने २००० साली केक्यू आणले. लिनक्सचे ईपोल डिसेंबर २००३ मध्ये २.६ या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती आले. दोन्हींमध्ये नोंद एकदाच करायची असते आणि ज्या सॉकेटवर काही घडले तेवढेच परत मिळतात. यानंतर जोडण्यांचा प्रश्न व्यवहारात सुटला. २०१२ साली व्हॉट्सॲपने फ्रीबीएसडीच्या एकेका यंत्रावर २० लाखांहून अधिक जोडण्या सांभाळल्याचे जाहीर केले, ते याच पिढीच्या साधनांवर.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर अवलंबून आहे. सिलेक्ट, केक्यू आणि ईपोल यांच्या बळावर ज्या सर्व्हरना आपण सर्रास ‘असिंक’ (असिंक्रोनस, म्हणजे काम होईपर्यंत थांबून न राहणारे) म्हणतो, त्यांतले सॉकेटवरचे वाचन खऱ्या अर्थाने असिंक्रोनस नसते. ही साधने ‘नळाला पाणी आले’ एवढेच सांगतात. हंडा घेऊन जाणे आणि तो भरून आणणे हे काम आपल्यालाच करावे लागते. फक्त नळाला पाणी आलेले असल्यामुळे तेथे ताटकळावे लागत नाही. खरे असिंक्रोनस आयओ म्हणजे रिकामा हंडा आधीच सोपवून यायचे आणि तो भरून दारात ठेवल्यावरच निरोप मिळायचा. पहिल्या पद्धतीत कर्नेल तयारी कळवते, दुसऱ्या पद्धतीत पूर्तता कळवते. सॉकेटच्या बाबतीत पहिली पद्धत बहुतेक सर्व सर्व्हरना पुरते, कारण तेथे खरोखरच नळ असतो आणि पाण्याला वेळा असतात.

फायलीचे तसे नाही. फाइल ही विहीर आहे. विहिरीला पाणी नेहमीच असते, त्यामुळे ‘पाणी आले का’ या प्रश्नाचे उत्तर नेहमीच ‘हो’ असते. मात्र ते ओढून काढायला वेळ लागतो आणि त्या वेळेबद्दल हे उत्तर काहीच सांगत नाही. सिलेक्टला साधी फाइल कायम तयारच दिसते. ईपोल तर अशी फाइल नोंदवून घ्यायलाच नकार देते. सॉकेटवर उपयोगी पडणारा ‘थांबू नकोस’ हा ध्वज साध्या फायलीवर लावला तरी त्याचा काही परिणाम होत नाही. म्हणजे मागितलेला भाग कर्नेलच्या पेज कॅशमध्ये (फायलींच्या स्मृतीत ठेवलेल्या प्रतीत) नसेल, तर वाचनाची सिस्टिम कॉल (कर्नेलला काम सांगणारी हाक) करणारा थ्रेड डिस्ककडून उत्तर येईपर्यंत झोपतो. आणि हा थ्रेड जर १०,००० जोडण्या सांभाळणारा एकमेव थ्रेड असेल, तर एका माणसाच्या जुन्या फायलीसाठी बाकीच्या ९,९९९ जणांना थांबावे लागते.

माझ्या फाइल-सर्व्हरवर नेमके हेच होत होते आणि ते ओळखायला मला बराच वेळ लागला. चाचणीत सगळ्या फायली स्मृतीत मावत असल्याने काहीच दिसत नव्हते. प्रत्यक्ष वापरात सरासरी प्रतिसाद उत्तम होता, परंतु अधूनमधून असंबद्ध वाटणाऱ्या विनंत्या एकाच क्षणी मंदावत. मी आधी नेटवर्कवर, मग स्मृती-व्यवस्थापनावर संशय घेतला. ज्या विनंत्या मंदावत होत्या त्यांत दोष नव्हताच. दोष त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या, कोणीतरी महिन्यांनंतर मागितलेल्या फायलीत होता. ज्यांच्या सर्व्हरचा साठा स्मृतीत मावत नाही, त्यांनी सरासरी बाजूला ठेवून दर शंभरांतला किंवा हजारांतला सर्वांत मंद प्रतिसाद पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इतरांनी या अडचणीतून कशी वाट काढली, हे पाहिले की ऑपरेटिंग सिस्टिममधली उणीव स्पष्ट दिसते. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरने २०१५ साली फाइल वाचनासाठी थ्रेडचा वेगळा ताफा आणला आणि स्मृतीत न मावणाऱ्या फायलींच्या स्वतःच्या चाचणीत ९ पट सुधारणा नोंदवली. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या मुळाशी असलेली लिबयूव्ही ही लायब्ररी फायलींची कामे मुळात ४ थ्रेडच्या ताफ्याकडे देते. गो भाषेत गोरुटिन (त्या भाषेचा हलका थ्रेड) सॉकेटवर थांबले तर ईपोलच्या मदतीने बाजूला सरकवले जाते, पण फाइल वाचताना थांबले तर खरा थ्रेड अडकतो आणि रनटाइम त्याच्या जागी दुसरा उभा करते. सप्टेंबर २०२३ मधील जावा २१ च्या आभासी थ्रेडचेही तसेच आहे : सॉकेटवर ते वाहक थ्रेड (त्यांना चालवणारा खरा थ्रेड) मोकळा करतात, फाइल प्रणालीच्या बहुतेक कामांत तो धरून ठेवतात. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या भाषांत, एकाच खड्ड्यावर एकसारखीच फळी टाकलेली आहे. खड्डा कर्नेलमध्ये आहे.

थ्रेडच्या ताफ्याने भागत असेल तर कर्नेलला त्रास कशाला, हा आक्षेप मात्र हलका नाही. आज थ्रेड स्वस्त झाले आहेत. ६४-बिट यंत्रात पत्त्यांची टंचाई नाही, आणि एक्स८६ वरील लिनक्समध्ये प्रत्येक थ्रेडमागे कर्नेलमध्ये लागणारा १६ केबीचा स्टॅक धरला तरी १०,००० थ्रेडचे सुमारे १६० एमबी होतात, जे कोणत्याही साध्या सर्व्हरला परवडते. केवळ ‘थ्रेड नकोत’ म्हणून असिंक्रोनस आयओ मागण्याचे दिवस संपले आहेत, आणि हजारभर जोडण्यांच्या कार्यालयीन सेवेसाठी सरळ, एकामागून एक ओळ चालणारा थ्रेडचा कोड लिहिणाऱ्याला मी शहाणाच म्हणेन.

पण डिस्क बदलली, आणि तिच्याबरोबर हिशेबही बदलला. फिरत्या डिस्कला एका वाचनाला सुमारे १० मिलिसेकंद लागत, म्हणजे सेकंदाला शंभरेक वाचने. तेथे ४ थ्रेडसुद्धा पुष्कळ झाले. चांगल्या एनव्हीएमई साधनाला (वेगवान फ्लॅश डिस्कला) एका वाचनास सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. एका वेळी एकच वाचन मागितले तर सेकंदाला १०,००० होतात आणि ४ थ्रेडनी मागितली तर ४०,०००. तेच साधन ५ लाख वाचने देऊ शकत असेल, तर त्याच्याकडून तेवढी काढण्यासाठी कोणत्याही क्षणी सरासरी ५० मागण्या त्याच्यापुढे प्रलंबित असाव्या लागतात. साधन स्वतः असिंक्रोनस आहे : एनव्हीएमईच्या मानकातच मागण्यांची एक रांग आणि पूर्ततेची दुसरी रांग अशा जोड्या असतात, अशा रांगा ६४ हजारांपर्यंत करता येतात आणि प्रत्येकीत तितक्याच मागण्या मावतात. अशा साधनापुढे एकेका मागणीसाठी एकेक थ्रेड झोपवणे आणि उठवणे यात प्रोसेसरचा वेळ जातो, आणि तो वेळ आता डिस्कच्या वेळेच्या तुलनेत नगण्य राहिलेला नाही. त्यात जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटीवरील उपायांमुळे बाधित प्रोसेसरवर प्रत्येक सिस्टिम कॉल आणखी महागली.

आयओ-यूरिंगची रचना या साधनाकडे पाहूनच केल्यासारखी आहे. कार्यक्रम आणि कर्नेल यांच्यात सामायिक स्मृतीतील दोन वर्तुळाकार रांगा असतात. एकीत कार्यक्रम ६४ बाइटच्या मागण्या ठेवतो, दुसरीत कर्नेल १६ बाइटच्या पूर्ततेच्या पावत्या ठेवते. पन्नास मागण्या रांगेत मांडून एकाच सिस्टिम कॉलने सगळ्या सुपूर्द करता येतात. पावत्या तर सामायिक स्मृतीतून कोणतीही कॉल न करता उचलता येतात. ॲक्सबो यांनी २०१९ मध्ये दिलेल्या आकड्यांत, पूर्ततेची थेट चौकशी करण्याच्या पद्धतीने सेकंदाला सुमारे १७ लाख वाचने झाली, तर लिनक्सच्या असिंक्रोनस आयओच्या जुन्या सोयीने, म्हणजे लिनक्स एआयओने, त्याच यंत्रावर सुमारे ६ लाख ८ हजार. हे आकडे रचनाकाराचे आणि अनुकूल यंत्रावरचे आहेत, हे लक्षात ठेवूनही फरक लहान नाही.

जुन्या एआयओचा उल्लेख आला, तर तिच्याबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण ‘लिनक्समध्ये असिंक्रोनस आयओ चालत नाही’ हा समज तिच्यामुळे रुजला आणि तो निराधार नव्हता. ती पेज कॅश टाळून थेट डिस्कशी बोलणाऱ्यांसाठीच खऱ्या अर्थाने असिंक्रोनस होती. इतरांसाठी मागणी देण्याची कॉलच काम संपेपर्यंत अडून राही, आणि थेट वाचणाऱ्यांसाठीही फाइल प्रणालीला आपल्या नोंदी शोधाव्या लागल्या तर ती मध्येच थांबे. असिंक्रोनस म्हणून हाती दिलेली गोष्ट कधी थांबेल याचा भरवसा नसेल, तर ती उघडपणे थांबणाऱ्या गोष्टीपेक्षा अधिक त्रासदायक ठरते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही २०१६ मध्ये तिच्या रचनेवर अतिशय कठोर शब्दांत टीका केली होती. पॉसिक्स या मानकातली एआयओ ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये आतून थ्रेडच वापरते, त्यामुळे तिने कर्नेलमधला खड्डा बुजत नव्हता. याउलट विंडोज एनटीच्या कर्नेलमध्ये आयओ पहिल्यापासूनच असिंक्रोनस होते. तिचे रचनाकार डेव्ह कटलर यांनी व्हीएमएस या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममधला अनुभव तेथे आणला होता, आणि १९९४ च्या एनटी ३.५ मध्ये पूर्तता कळवणारे ‘कंप्लीशन पोर्ट’ मिळाले. लिनक्सच्या चाहत्याला हे मान्य करणे जड जाते, पण या एका बाबतीत लिनक्स २५ वर्षे मागे होते.

सॉकेटसाठी आयओ-यूरिंग घ्यावी का, यावर माझे उत्तर थोडे आखडते आहे. पूर्ततेच्या पद्धतीत हंडा आधीच सोपवावा लागतो. म्हणजे १०,००० जोडण्या शांत बसल्या असल्या तरी १०,००० बफर (माहिती ठेवण्याच्या स्मृतीतल्या जागा) गुंतून पडतात, जे ईपोलमध्ये होत नाही. यावर कर्नेलने चांगला उपाय काढला आहे : बफरचा एक सामायिक ढीग आधी देऊन ठेवायचा, आणि ज्या जोडणीवर माहिती येईल तिच्यासाठी कर्नेलने त्यातला एक उचलायचा. २०२२ मधील ५.१९ या आवृत्तीत ही व्यवस्था सुटसुटीत झाली आणि त्याच आवृत्तीत एकदा मागणी करून अनेक नव्या जोडण्या स्वीकारण्याची सोयही आली. तरीही ज्या सेवेत प्रत्येक विनंतीमागे डेटाबेस, जेसन आणि गूढलेखन यांतच बहुतेक वेळ जातो, तेथे ईपोल बदलून मला उल्लेखनीय फरक दिसला नाही. शिवाय मागणी रद्द करण्याचे नियम अवघड आहेत. रद्द करण्याची विनंती आणि मूळ कामाची पूर्तता एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात, आणि पूर्ततेची पावती येईपर्यंत तो बफर कर्नेलच्या ताब्यात असतो. त्यापूर्वी तो मोकळा केला, तर दुसऱ्याच कामासाठी दिलेल्या स्मृतीवर कर्नेल लिहू शकते. मी ही चूक केली आहे. ती शोधण्यात गेलेला आठवडा मला विसरता येत नाही.

दुसरी मर्यादा अशी की असिंक्रोनस म्हणून दिलेली प्रत्येक मागणी आतून तशी असतेच असे नाही. फाइल उघडणे, तिची माहिती विचारणे, नाव बदलणे अशी कामे आयओ-यूरिंग बहुधा कर्नेलमधल्याच कामगार थ्रेडकडे देते. म्हणजे ताफा गेला नाही, तो आपल्या कार्यक्रमातून कर्नेलमध्ये सरकला. मला याचे वाईट वाटत नाही. आपला थ्रेड अडणार नाही हा शब्द पाळला जातो, आणि उद्या एखादी फाइल प्रणाली तेच काम थ्रेडशिवाय करायला शिकली तर आपल्या कोडला हात न लावता त्याचा लाभ मिळतो. वाचनाच्या बाबतीत प्रमुख फाइल प्रणालींमध्ये तसे घडलेही आहे.

सर्वांत गंभीर तक्रार सुरक्षेची आहे आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. जून २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले की कर्नेलमधील त्रुटी दाखवणाऱ्यांसाठीच्या त्यांच्या बक्षीस योजनेत आलेल्या हल्ल्यांपैकी ६० टक्के आयओ-यूरिंगचा आधार घेणारे होते. त्यांनी ती आपल्या सर्व्हरवर आणि क्रोमओएसमध्ये बंद केली आणि अँड्रॉइडमध्ये ॲपना तिच्यापासून दूर ठेवले. रचनेतच एक अडचण आहे. कार्यक्रमाला कोणत्या कॉल करू द्यायच्या हे ठरवणारी सेकॉम्पसारखी चाळणी सिस्टिम कॉलवर बसते, तर येथे फाइल उघडणे किंवा जोडणी करणे ही कामे स्वतंत्र कॉल न होता रांगेतील नोंदी म्हणून जातात आणि चाळणीला दिसत नाहीत. त्यामुळे कंटेनर (कार्यक्रमांचे वेगळे राखलेले कप्पे) चालवणाऱ्या डॉकरच्या मूळ सेकॉम्प संचात ही सोय बंद आहे, आणि कर्नेलच्या ६.६ या आवृत्तीपासून ती संपूर्ण यंत्रावर किंवा सामान्य वापरकर्त्यांपुरती बंद करण्याची कळ दिली आहे. लिबयूव्हीनेही २०२३ मध्ये फायलींसाठी तिचा वापर सुरू केला, परंतु नोडमध्ये प्रक्रियेने आपले अधिकार सोडल्यानंतरही आयओ-यूरिंगकडून होणारी कामे जुन्याच अधिकारांनी होत असल्याचे आढळले, आणि पुढे तो वापर मुळात बंद ठेवावा लागला.

पोस्टग्रेसचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. सप्टेंबर २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत तेथे प्रथमच वाचनासाठी असिंक्रोनस आयओ आले, आणि पद्धत निवडण्यासाठी तीन पर्याय दिले : जुनी थांबणारी पद्धत, स्वतंत्र कामगार प्रक्रिया, आणि आयओ-यूरिंग. मूळ निवड कामगार प्रक्रियांची आहे. हे केवळ सावधगिरीमुळे नाही. माहिती पेज कॅशमध्ये असेल तर आयओ-यूरिंगच्या पद्धतीत ती उचलून आणण्याचे आणि चेकसम (माहिती बिघडली नसल्याची खूण) तपासण्याचे काम मागणाऱ्या प्रक्रियेलाच करावे लागते, तर कामगार ते काम अनेक कोअरवर वाटून घेतात. त्यामुळे काही ठिकाणी कामगारच पुढे जातात. माझ्या यंत्रावर डेटाबेस स्मृतीच्या कितीतरी पट मोठा आहे आणि डिस्क नेटवर्कपलीकडे आहे, जिचे एक वाचन मिलिसेकंदाच्या घरात जाते. तेथे मोठी अनुक्रमिक वाचने आणि व्हॅक्युम (जुन्या नोंदींची साफसफाई) या दोन्हींत फरक लगेच दिसला. मात्र त्यातला बराचसा फरक जुन्या पद्धतीवरून कोणत्याही असिंक्रोनस पद्धतीवर गेल्याचा होता; कामगार आणि आयओ-यूरिंग यांच्यातील अंतर त्यामानाने कमी होते. एका वेळी एकच वाचन मागणे थांबले, हाच मुख्य लाभ.

जे वापरून पाहणार आहेत त्यांना सांगावेसे वाटते की कच्च्या सिस्टिम कॉल तीनच असल्या तरी त्यांना थेट हात लावू नये. ॲक्सबो यांचीच लिबयूरिंग ही लायब्ररी घ्यावी, तिची माहितीपाने मन लावून लिहिलेली आहेत. कर्नेल शक्य तितके नवे असावे, कारण ५.१ आणि ६.१ यांतील सोयी इतक्या वेगळ्या आहेत की जुन्या आवृत्तीवरचा अनुभव नवीला लागू होत नाही. रांगेवर पाळत ठेवणारा कर्नेल-थ्रेड सुरू करण्याचा पर्याय आकर्षक दिसतो, परंतु रहदारी चालू असेपर्यंत तो एक कोअर व्यापतो. चार कोअरच्या भाड्याच्या यंत्रावर मी तो बंदच ठेवला.

सध्या माझ्याकडे फाइल-सर्व्हर आयओ-यूरिंगवर चालतो आणि जुनी फाइल मागणाऱ्यामुळे शेजारी थांबण्याचा प्रकार उरलेला नाही. डेटाबेसच्या यंत्रावर दुसऱ्या कोणाचा कोड चालत नसल्याने तेथेही ती चालू आहे. कंटेनरमधल्या वेब सेवांसाठी मात्र मी सेकॉम्पची यादी मोकळी केलेली नाही. त्या सेवा ईपोलवर आहेत, आणि सुरू झाल्यानंतर त्या डिस्कवरून जवळजवळ काहीच वाचत नाहीत.